बेंजोचा आवाज का गेला? : बिघाड शोधायचा कसा आणि पार्ट बदलायचा कसा



सातवीच्या मुलांना वीज शिकवताना आपण बॅटरी, बल्ब आणि स्विच घेऊन परिपथ पूर्ण करून दाखवतो. बल्ब लागतो, मुलं टाळ्या वाजवतात, पाठ संपतो. पण बल्ब लागला नाही तर काय करायचं, हे आपण फारसं शिकवत नाही. खरं तर घरात, शेतात, दुकानात रोज तेच करावं लागतं. आजचा पाठ त्याबद्दल आहे. तो मी ठरवून घेतला नव्हता, एका विद्यार्थ्याने पिशवीत घालून आणला होता.

प्रसंग

सोमवारी परिपाठ झाल्यावर सातवीतला एक मुलगा कापडी पिशवी घेऊन टेबलाजवळ आला. आत साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी लोखंडी डबी होती. वर तीन बटणं, पायाने दाबायचा एक स्विच आणि एक छोटा दिवा. "मॅडम, तात्यांच्या बेंजोचं पेडल आहे. चालत नाही. शुक्रवारी हळदीची सुपारी आहे."

तात्या म्हणजे त्याचे चुलते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात लग्न, हळद, गावची यात्रा म्हटलं की बेंजो पार्टी आलीच. तात्या अशाच एका पार्टीत बेंजो वाजवतात. लग्नसराईत जे मिळतं त्यावर त्यांचं बरंचसं वर्ष निघतं. नवीन पेडल घ्यायचं तर काही हजार रुपये, आणि दुरुस्तीला दिलं तर शुक्रवारपर्यंत मिळेल याची खात्री नाही. विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने मी थोडं सोल्डरिंग शिकले होते, म्हणून मुलाला वाटलं, मॅडमना जमेल. मला जमेल की नाही, मलाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "दुरुस्त होईल असं सांगत नाही. पण बिघाड कुठे आहे ते आपण सगळे मिळून शोधू."

आधी ओळख करून घेऊ

आपण ज्याला बेंजो म्हणतो ते वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. परदेशातला गोल चामड्याचा बॅंजो वेगळा. आपलं वाद्य मूळच्या जपानी ताइशोगोतोवरून आलं. ते १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तयार केलं. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या, अशी त्याची रचना. ते भारतात आलं आणि आपल्या मातीचं झालं. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बॅंजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, तो याच वाद्याच्या वादकांवर.

मिरवणुकीत ताशा, ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या आवाजात नुसत्या तारांचा आवाज कुठे ऐकू येणार? म्हणून बेंजोला पिकअप बसवतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की वेटोळ्यात अगदी लहान वीज तयार होते. ती वायरमधून अॅम्प्लिफायरला जाते आणि तिथून स्पीकरला. काही वादक मध्ये पेडल जोडतात. गिटारवाले वापरतात तेच हे पेडल. ते आवाजाला धार देतं, फाडतं, लांबवतं.

इथे एका मुलीने चांगला प्रश्न विचारला. "मॅडम, आवाज फाटतो म्हणजे बिघाडच ना?"

याची एक खरी गोष्ट आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. ग्रेडी मार्टिन हे वादक बास गिटार वाजवत होते. यंत्रातला एक ट्रान्सफॉर्मर बिघडलेला होता, त्यामुळे गिटारचा आवाज फाटून घरघरीत आला. तो पुसून टाकण्याऐवजी तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणं गाजलं आणि लोक विचारू लागले, हा आवाज काढला कसा? मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तसा आवाज मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ साली त्याचं 'फझ-टोन' नावाचं पेडल बाजारात आलं. म्हणजे पेडलच्या या प्रकाराचा जन्मच एका बिघाडातून झाला.

मुलीला उत्तर मिळालं. आवाज फाटणं हा बिघाड आहे की नाही, हे आपल्याला काय हवं होतं त्यावर ठरतं. म्हणून कुठल्याही दुरुस्तीत पहिला प्रश्न असा : ही वस्तू नीट चालते तेव्हा काय करते?

सुरक्षिततेच्या सूचना (या आधी, बाकी सगळं नंतर)

१. हे पेडल ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतं, म्हणूनच मुलांसमोर उघडलं. अॅम्प्लिफायर, टीव्ही, चार्जर, अॅडॅप्टर अशा घरच्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या वस्तू मुलांनी कधीही उघडायच्या नाहीत. वायर काढल्यावरही त्यांच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते.

२. सोल्डरिंगचं टोक ३०० अंशांच्या वर तापतं. ते काम मोठ्यांनीच करायचं. मुलांनी हात लांब ठेवून बघायचं.

३. खिडक्या उघड्या ठेवायच्या, धूर नाकात घ्यायचा नाही. सोल्डरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे.

पायरी १ : आधी विचारा

डॉक्टर इंजेक्शन देण्याआधी विचारतात, काय होतंय, कधीपासून होतंय. तसे चार प्रश्न आम्ही फळ्यावर लिहिले.

- नेमकं काय होत नाही?
- कधीपासून?
- बंद पडण्याच्या आधी शेवटचं काय केलं होतं?
- अधूनमधून चालतं का, की अजिबात नाही?

मुलाने सांगितलं, दिवा लागत नाही, स्विच दाबला की आवाज गायब होतो. शनिवारपासून अजिबात चालत नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र तो गप्प बसला. "माहीत नाही," म्हणाला. मी पुढे गेले. तिथेच थांबायला हवं होतं, हे नंतर कळलं.

पायरी २ : मधून तोडून बघा

विहिरीवर मोटार चालू आहे, पण शेवटच्या वाफ्यात पाणी येत नाही. आपल्याकडचा शेतकरी काय करतो? पाइपलाइनचा जोड मध्ये कुठेतरी सोडून बघतो. तिथे पाणी आलं तर बिघाड पुढे, नाही आलं तर मागे. एका तपासणीत अर्धी लाइन बाद होते. मग उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य काढायचा. सगळी लाइन उकरत बसायची गरज नाही.

आमची लाइन अशी होती : बेंजो, वायर, पेडल, दुसरी वायर, अॅम्प्लिफायर, स्पीकर. मंगळवारी दुपारी तात्या स्वतः बेंजो आणि छोटा अॅम्प्लिफायर घेऊन शाळेत आले. पेडल काढून बेंजो सरळ अॅम्प्लिफायरला जोडला. आवाज खणखणीत. दुसरी वायर लावून पाहिली, तरी खणखणीत. म्हणजे बेंजो, दोन्ही वायरी, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर निर्दोष सुटले. बिघाड पेडलमध्ये.

आता पेडल मध्ये जोडलं. स्विच बंद असताना बेंजोचा साधा आवाज आला. स्विच दाबला, आवाज गेला. दिवा लागला नाही.

मुलांना विचारलं, यावरून काय कळतं? मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "आत जायचा आणि बाहेर यायचा रस्ता चांगला आहे, मधली फॅक्टरी बंद आहे." याहून चांगलं उत्तर मलाही देता आलं नसतं. या पेडलचा स्विच बंद असताना आवाज सर्किटमध्ये न शिरता बाहेरच्या बाहेर जातो, म्हणून तो ऐकू येतो. म्हणजे दोन्ही जॅक आणि हा बाहेरचा रस्ता ठीक. दिवा लागत नाही, म्हणजे बहुतेक सर्किटला वीजच मिळत नाही. (काही पेडल्समध्ये स्विच इलेक्ट्रॉनिक असतो, त्यांत वीज नसेल तर बंद अवस्थेतही आवाज येत नाही. तेव्हा हा नियम सगळ्यांना लावू नका.)

पायरी ३ : अंदाज नको, मोजा

मल्टिमीटर शाळेत नसेल तर घ्यावा. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षं चालतो.

नवीन बॅटरी मोजली, ९.३ व्होल्ट. पेडलला लावली आणि सर्किटवर मोजलं, शून्य! एक मुलगा लगेच म्हणाला, वायर तुटली. पण तसं नव्हतं. अशा पेडलमध्ये बॅटरीची ऋण तार इनपुट जॅकमधून जाते. जॅकमध्ये पिन घातली तरच बॅटरी जोडली जाते. वादक पिन काढून ठेवतात ते याचसाठी, नाहीतर रात्रभरात बॅटरी उतरते. आम्ही पिन घालायची विसरलो होतो. वस्तू कशी चालते हे माहीत नसेल तर चांगल्या भागालाही आपण नादुरुस्त ठरवतो.

पिन घातली. आता बॅटरीवर मोजलं तर ९.३ वरून रीडिंग एकदम एक व्होल्टच्याही खाली आलं. काही सेकंदांतच बॅटरी कोमट लागली. लगेच पिन काढली.

वीज मिळत नव्हती असं नाही. वीज येत होती आणि मधेच कोणीतरी सगळी खात होतं. याला शॉर्ट म्हणतात. टाकीच्या बुडाला भगदाड पडलं तर कितीही पाणी सोडा, नळाला येणार नाही, तसं.

बॅटरी काढून ठेवली. मीटर बीपच्या खुणेवर आणला आणि सर्किटच्या धन आणि ऋण पट्ट्यांवर दोन टोकं टेकवली. बीऽऽप. शॉर्ट पक्का झाला.

पायरी ४ : संशयित किती?

धन आणि ऋण यांच्या मध्ये थेट जोडलेले भाग आम्ही शोधले. तीन निघाले.

- एक मोठा कपॅसिटर, छोट्या डबीसारखा. तो विजेतले चढउतार सपाट करतो.
- एक डायोड, काळा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, एका टोकाला पांढरी रेघ.
- आयसी, आठ पायांचं काळं झुरळ. आवाज मोठा करण्याचं मुख्य काम याचं.

इथे मी चूक केली, ती सांगते. मला वाटलं, कपॅसिटरच असणार. तो मोठा, जुना आणि "कपॅसिटर उडाला" हे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो. नवीन आणून सरळ बदलावा, असं मनात आलं. पण एक नियम आठवला. तिन्ही भाग एकमेकांना समांतर जोडलेले असताना मीटरला फक्त एवढंच कळतं की तिघांपैकी कोणीतरी शॉर्ट आहे. कोण, ते कळत नाही. ते कळण्यासाठी एकेकाचा एक पाय सोडवून बाजूला करावा लागतो.

कपॅसिटरचा एक पाय सोडवला. पुन्हा मोजलं. बीप चालूच. कपॅसिटर निर्दोष! त्याचा पाय परत जागेवर जोडला.

मग डायोडचा एक पाय सोडवला. मोजलं. बीप बंद. वर्ग ओरडला.

डायोड एकटा तपासला. मीटरच्या डायोड खुणेवर चांगला डायोड एका दिशेने ०.५ ते ०.७ दाखवतो, आणि टोकं उलटी केली की काहीच नाही, साध्या मीटरवर डावीकडे नुसता १ दिसतो. आमचा डायोड दोन्ही दिशांनी बीप करत होता. बाहेरून मात्र तो अगदी कोरा करकरीत दिसत होता. नुसतं बघून आम्ही त्याला कधीच पकडलं नसतं.

डायोड म्हणजे काय, आणि तो इथे का?

आपल्या मुलांना हे सांगणं सोपं आहे, कारण त्यांनी विहिरीतला फूट व्हॉल्व्ह पाहिलेला असतो. फूट व्हॉल्व्ह पाण्याला वर जाऊ देतो, परत खाली येऊ देत नाही. डायोड विजेच्या बाबतीत तेच करतो. एका दिशेला रस्ता खुला, दुसऱ्या दिशेला बंद. पांढरी रेघ म्हणजे जिकडून वीज बाहेर पडते ते टोक, त्याला कॅथोड म्हणतात.

पण या पेडलमध्ये डायोड मुख्य रस्त्यात नव्हता. तो बाजूला, धन आणि ऋण यांच्यामध्ये, उलटा बसवला होता. रेघ धन बाजूला. नेहमीच्या वेळी त्याच्यातून वीज जातच नाही. मग ठेवलाय कशाला?

राखणीला. कोणी चुकून वीज उलटी दिली, धनच्या जागी ऋण, तर आयसी जळू शकतो. तेव्हा हा डायोड दार उघडतो आणि सगळी उलटी वीज स्वतःमधून जाऊ देतो. आयसीपर्यंत एक व्होल्टच्या आसपासच पोचतं. तेवढ्या वेळात वीज बंद केली तर सगळे वाचतात. बंद केली नाही तर डायोड तापून कायमचा शॉर्ट होतो. तो जातो, पण आयसी बहुतेक वेळा वाचतो.

हे फळ्यावर काढत असताना माझ्याच लक्षात आलं. राखणदार मेला आहे, म्हणजे कोणीतरी उलटी वीज दिली आहे. ती कोणी दिली?

न सांगितलेली गोष्ट

मी वर्गात काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत तो मुलगा स्वतःच आला. खाली बघत म्हणाला, "मॅडम, तात्यांना सांगू नका. शनिवारी पेडलची बॅटरी संपली होती. मी टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सचा अॅडॅप्टर लावला. पिन बसली. मग वास आला. मी काढून ठेवला. टीव्ही चालू होता, म्हणून वाटलं काही झालं नसेल."

अॅडॅप्टर मागवून घेतला. त्याच्यावर छापलं होतं १२ व्होल्ट, २ अँपिअर. शेजारी एक छोटं चित्र होतं, मध्ये ठिपका आणि त्याला धन चिन्ह. म्हणजे पिनच्या आतल्या भागात धन. गिटार पेडल्समध्ये बहुतेक वेळा नेमकं उलटं असतं, आत ऋण आणि बाहेर धन. पिनचा आकार सारखाच, म्हणून ती बसते. बसते म्हणून चालते, असं नसतं. डायोडची क्षमता १ अँपिअरची, आणि त्याच्यातून २ अँपिअरपर्यंत वीज ढकलली गेली. तो किती टिकणार?

मी त्याला रागावले नाही. पण "सांगत नाही" असंही म्हणाले नाही. म्हणाले, "अरे, हे तू पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर आपले दोन दिवस वाचले असते. आपण फळ्यावर तिसरा प्रश्न लिहिला होता ना? त्याचं उत्तर फक्त तुझ्याकडे होतं. आता तात्यांनाही तूच सांग. मी शेजारी उभी राहते."

आणि स्वतःलाही एक गोष्ट सांगितली. तो गप्प बसला तेव्हा मी पुढे गेले होते. मुलं उत्तर लपवतात ती बहुतेक वेळा भीतीने. प्रश्न विचारण्याआधी "कोणी केलं हे मला नको, काय झालं ते हवं" एवढं वाक्य मी म्हणायला हवं होतं.

पायरी ५ : पार्ट बदलताना

नगरला जाणाऱ्या एका सहकाऱ्यांकडून १एन४००७ हा डायोड मागवला. एक-दोन रुपयांचा पार्ट. जुन्यावर १एन४००१ लिहिलं होतं. दोन्ही १ अँपिअरचे. फरक एवढाच की ४००१ उलट्या दिशेने ५० व्होल्ट अडवतो आणि ४००७ हजार व्होल्ट. ९ व्होल्टच्या कामाला दोन्ही चालतात. पार्ट बदलताना नवीन पार्ट जुन्याइतका किंवा त्याहून दणकट हवा, कमी नको.

कृती अशी केली :

१. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला. रेघ कुठल्या बाजूला आहे ते वहीत लिहिलं.
२. बॅटरी, पिन, सगळं काढून ठेवलं.
३. जोडावर तापलेलं टोक टेकवून सोल्डर वितळलं की पंपाने ओढून घेतलं. ओढाताण केली नाही, कारण बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते आणि मग दुरुस्ती दुप्पट वाढते.
४. नवीन डायोड बसवण्याआधी मीटरवर तपासला. नवीन आहे म्हणजे चांगला आहे, असं धरायचं नाही.
५. रेघ पूर्वीच्याच बाजूला ठेवून पाय भोकांतून घातले. टोक दोन-तीन सेकंद टेकवलं, सोल्डर जोडावर वितळू दिलं. जोड चमकदार आणि उतरत्या ढिगासारखा दिसला पाहिजे. गोळ्यासारखा दिसला तर तो कच्चा जोड.
६. जास्तीचे पाय कापले. शेजारच्या पट्टीला सोल्डर चिकटलं नाही ना, ते भिंगातून पाहिलं.
७. वीज देण्याआधी पुन्हा धन-ऋण मोजलं. बीप नाही. रेझिस्टन्सच्या खुणेवर आकडा हळूहळू वाढत गेला, कारण मीटरच्या विजेने कपॅसिटर भरत होता. हे चांगलं लक्षण.
८. पहिल्यांदा बॅटरीच लावली, अॅडॅप्टर नाही. काही चुकलं असेल तर बॅटरीने नुकसान कमी होतं.

बॅटरीवर ९.२ व्होल्ट. स्विच दाबला. दिवा लागला.

पायरी ६ : कारण दुरुस्त करा

बुधवारी संध्याकाळी तात्या आले. मुलाने आधी सांगायचं ते सांगितलं. मी ठरल्याप्रमाणे शेजारी उभी होते. तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला माहीत नव्हतं, मलापण माहीत नव्हतं. मीसुद्धा उद्या तोच अॅडॅप्टर लावला असता." आणि बेंजो जोडला.

आम्ही तिथे थांबलो असतो तर पुढच्या महिन्यात तोच डायोड पुन्हा गेला असता. म्हणून मुलांनी दोन कामं केली. घरच्या सेटटॉप बॉक्सच्या अॅडॅप्टरवर लाल टेप लावून लिहिलं, "फक्त टीव्ही". पेडलच्या तळाला कागद चिकटवला, "९ व्होल्ट, आत ऋण". हे दोन कागद बसवल्यावरच ही दुरुस्ती पूर्ण झाली असं मी मानते. पार्ट बदलला आणि कारण तसंच राहिलं, तर आपण दुरुस्ती केली नाही, ती फक्त पुढे ढकलली.

शिक्षकांसाठी

शेजारच्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचं, ही त्यांची पद्धत. आपल्याकडे तेवढी साधनं नाहीत, पण आनंददायी शनिवारी एक बंद पडलेली वस्तू टेबलावर ठेवता येते. बंद बॅटरी (टॉर्च), सेलवरचं घड्याळ, माइकची वायर, सेलवरचं खेळणं. सोल्डरिंग लागत नाही, मीटरसुद्धा नसला तरी चालतं. दुरुस्त झालीच पाहिजे असा आग्रह नको. बिघाड कुठे नाही, हे जरी मुलांनी पुराव्याने सांगितलं तरी पाठ साधला. आणि ज्या वस्तूत बारीक, पृष्ठभागावर चिकटवलेले पार्ट आहेत, ती सरळ जाणकार कारागिराकडे द्यावी. कुठे थांबायचं हे कळणंही यात आलं.

माझ्या वर्गात आता 'दुरुस्ती वही' आहे. त्यात पाच रकाने आहेत : तक्रार, आधी काय झालं, काय तपासलं, काय सापडलं, कारण कसं घालवलं. भाषेच्या तासाला याच नोंदीवरून मुलं दहा ओळी लिहितात. आपण स्वतः पाहिलेलं लिहायचं असल्यामुळे निबंधासारखं कोणी अडत नाही.

स्वाध्याय

१. टॉर्च लागत नाही. सेल, बल्ब, स्विच आणि स्प्रिंग यांपैकी आधी काय तपासाल? का?
२. पेडलचा स्विच बंद असताना आवाज आला, यावरून कोणते भाग चांगले आहेत असं ठरलं?
३. कपॅसिटरचा एक पाय का सोडवावा लागला? न सोडवता मोजलं असतं तर काय झालं असतं?
४. तुमच्या घरातले तीन अॅडॅप्टर बघा, उघडू नका. त्यांवर छापलेले व्होल्ट, अँपिअर आणि धन-ऋणाचं चित्र वहीत उतरवा. पिन सारखी असूनही एकमेकांच्या जागी चालणार नाहीत असे कोणते आहेत?
५. तुमच्या हातून एखादी वस्तू बिघडली आणि तुम्ही ते सांगितलं, किंवा सांगितलं नाही, असा प्रसंग लिहा. पुढे काय झालं?

पाचव्या प्रश्नाला वर्गात सगळ्यात लांब उत्तरं आली. ती मी मोठ्याने वाचून दाखवली नाहीत. तपासताना प्रत्येकाच्या वहीत खाली एवढंच लिहिलं, "सांगितलंस, बरं केलंस."

शुक्रवारची हळद वाजली. शनिवारी सकाळी तो मुलगा पेंगुळलेला शाळेत आला. रात्री उशिरापर्यंत तात्यांसोबत पेडलपाशी बसला होता म्हणे, स्विचवर लक्ष ठेवायला.

आपल्या शाळेत असा पाठ घेतला तर मुलांनी काय शोधलं ते जरूर कळवा.